लेनी ब्रूस : जोक मारले म्हणून शिक्षा झाली, माफी मिळायला ३९ वर्षं लागली

१९६४ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात अजब प्रकार घडला. साक्ष द्यायला आलेला लायसन्स खात्याचा इन्स्पेक्टर चक्क एका कॉमेडियनचे जोक सांगत होता. क्लबमध्ये बसून घाईघाईत काढलेल्या नोट्स हा त्याचा आधार. ज्याचे हे जोक होते, तो आरोपी म्हणून तिथेच बसला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस माझा कार्यक्रम करतोय, तोही वाईट करतोय आणि शिक्षा मात्र मला होणार.

शिक्षा झालीसुद्धा. या आरोपीचं नाव लेनी ब्रूस. त्याला जाऊन जवळपास साठ वर्षं झाली, पण त्याच्या रेकॉर्ड्स अजून ऐकल्या जातात. का? त्यासाठी आधी हा गडी कोण होता ते बघू.

नेव्ही, स्ट्रिप क्लब आणि जॅझ

लेनीचा जन्म १३ ऑक्टोबर १९२५ चा, न्यूयॉर्कजवळच्या मिनिओलाचा. घर ज्यू, खरं नाव लिओनार्ड श्नायडर. आईवडील लवकर वेगळे झाले. आई सॅली मार स्वतः क्लबमध्ये कॉमेडी करायची, त्यामुळे स्टेजचं वेड घरातूनच आलं. दुसऱ्या महायुद्धात तो कोवळ्या वयात अमेरिकेच्या नेव्हीत भरती झाला.

युद्धानंतर त्याने इतरांसारखीच कॉमेडी केली. नकला, ठरलेले जोक, टाळ्या. मग लॉस एंजेलिसच्या स्ट्रिप क्लबमध्ये निवेदकाचं काम मिळालं. तिथे जोक ऐकायला कोणी आलेलंच नसायचं. मग लेनी मागे बसलेल्या वादकांना हसवायला लागला. ते सगळे जॅझवाले. त्यांच्यासारखंच तोही एक विषय पकडायचा आणि मनाला येईल तसा फिरवत न्यायचा. त्याची खरी शैली घडली ती इथे.

घरातल्या रेकॉर्ड प्लेअरवर बंडखोरी

१९५० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅन्टसी रेकॉर्ड्स या जॅझ कंपनीने त्याच्या रेकॉर्ड्स काढायला सुरुवात केली. टीव्हीवर प्रायोजक आणि सेन्सॉरची भीती असायची, लॉन्ग प्ले रेकॉर्डवर तेवढी नव्हती. शिवाय एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायची. म्हणजे एखादा विचार शेवटपर्यंत नेता यायचा.

द सिक ह्यूमर ऑफ लेनी ब्रूस या १९५९ च्या रेकॉर्डवर त्याने मोठमोठ्या धर्मगुरूंना जाहिरात कंपनीच्या मीटिंगला बसवल्यासारखं दाखवलं. दुसऱ्या एका प्रसंगात पार्टीतला गोरा माणूस एका कृष्णवर्णीय संगीतकाराशी गोड बोलायला जातो आणि प्रत्येक वाक्यात आपलाच वंशद्वेष उघडा पाडतो. ही माणसं आपल्याही ओळखीची आहेत, हे ऐकणाऱ्याला कळायचं. हसू यायचं आणि अवघडल्यासारखंही व्हायचं.

४ फेब्रुवारी १९६१ ला न्यूयॉर्क बर्फाच्या वादळाने ठप्प झालं होतं. तरी मध्यरात्री त्याला ऐकायला लोक कार्नेगी हॉलमध्ये पोचले. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आजही त्याचं सगळ्यात चांगलं काम मानलं जातं.

मग पोलीस मागे लागले

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लील शब्द वापरले म्हणून त्याला अटक झाली. १९६२ च्या मार्चमध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. पण अटकसत्र थांबलं नाही. ड्रग्जच्या केसेसही झाल्या आणि व्यसन खरंच होतं.

डिसेंबर १९६२ मध्ये शिकागोत कार्यक्रम सुरू असतानाच पोलिसांनी त्याला उचललं. प्रेक्षकांत एक तरुण कॉमेडियन होता. त्याने ओळखपत्र दाखवायला नकार दिला, म्हणून त्यालाही धरलं. तो होता जॉर्ज कार्लिन. याच कार्लिनने पुढे १९७२ मध्ये टीव्हीवर न चालणाऱ्या सात शब्दांचा कार्यक्रम रेकॉर्डवर आणला आणि याच विषयावरच्या त्याच्या पुढच्या कार्यक्रमाच्या रेडिओ प्रसारणाचा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

न्यूयॉर्कची केस १९६४ ची, ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे ओ गो गोमधल्या कार्यक्रमांवरून. बॉब डिलन, जेम्स बाल्डविन, ॲलन गिन्सबर्ग अशा अनेकांनी त्याच्या बाजूने पत्रकावर सह्या केल्या. उपयोग झाला नाही. नोव्हेंबरमध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं आणि नंतर चार महिन्यांची शिक्षा सुनावली. गंमत म्हणजे त्याच नोव्हेंबरमध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने शिकागोच्या केसमधली त्याची शिक्षा रद्द केली. एकाच महिन्यात एका राज्यात सुटका, दुसऱ्या राज्यात दोषी.

केसेसनी कॉमेडी खाल्ली

अपील प्रलंबित असल्याने तो तुरुंगात गेला नाही, पण क्लबमालक त्याला बोलवायला घाबरू लागले. १९६५ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. स्टेजवर तो कोर्टाचे कागद वाचून दाखवायचा, कायद्याचा कीस पाडायचा. शेवटच्या काळातली रेकॉर्डिंग्ज ऐकताना हसू कमी येतं, जीव जास्त तुटतो. ३ ऑगस्ट १९६६ ला हॉलिवूडच्या घरी मॉर्फिनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ४०.

त्याच्यासोबत दोषी ठरलेल्या क्लबमालकाची शिक्षा पुढे वरच्या कोर्टात रद्द झाली. लेनीचा शिक्का मात्र तसाच राहिला. अखेर २३ डिसेंबर २००३ ला गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याला माफी दिली. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासात मृत्यूनंतर मिळालेली ही पहिली माफी.

तर मग आज का ऐकायचं?

शब्दांच्या धक्क्यासाठी तर नक्कीच नाही. तसले शब्द आज कुठल्याही वेब सिरीजमध्ये सापडतात. त्याचे काही संदर्भ जुने झालेत आणि काही विनोद आता खटकतात.

कारण दुसरंच आहे. १९५७ पासून अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा नियम होता की एखादी कृती अश्लील आहे का, हे ती पूर्ण बघून ठरवायचं. पण इन्स्पेक्टरच्या नोट्समध्ये फक्त तुकडे होते. आजच्या भाषेत सांगायचं तर मागचंपुढचं कापलेली क्लिप. रेकॉर्डवर मात्र सगळं आहे. शब्द येण्याआधीचा मुद्दा, मध्येच घेतलेला पॉज, कुठे हशा आला आणि कुठे हॉल गप्प झाला तेही.

म्हणून ऐकायचं असेल तर कार्नेगी हॉलपासून सुरुवात करा आणि मध्ये पुढे ढकलू नका. कोर्टात इन्स्पेक्टरने ऐकवला तो लेनी आणि त्या रात्री लोकांनी ऐकला तो लेनी, यातला फरक तुमचा तुम्हालाच कळेल.