एक्स्प्लेनर : शाळेत न गेलेल्या गाडगेबाबांच्या शब्दांत एवढी ताकद कुठून आली?

हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर, अंगावर चिंध्या. गाडगेबाबांचं हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. स्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठालाही आहे. पण त्यांचं खरं हत्यार खराटा नव्हे, प्रश्न होता.

23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. डेबूजीने मामाची गुरं राखली, शेती केली. पुढे सावकारी कर्जात मामाची जमीन गेली. दारू आणि कर्ज यांनी घर कसं बुडतं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाज मोडला. मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण ठेवलं, जातभाई नाराज झाले. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. कुठे गाडगेबाबा, कुठे चिंधेबाबा, कुठे गोधडेबाबा. जे अंगावर दिसलं त्यावरून लोकांनी नाव ठेवलं.

कीर्तनात नेमकं काय व्हायचं?

गावात आले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. पूर्वरंग-उत्तररंग अशी रीतसर मांडणी नाही, संस्कृत श्लोक नाहीत. तुकोबांचे अभंग, कबीराचे दोहे आणि बाकी सगळी वऱ्हाडी बोली. मुंबईतही ते तसंच बोलत.

देव मूर्तीत नाही असं थेट सांगितलं असतं, तर निम्मं गाव उठून गेलं असतं. बाबा ते सांगतच नसत, विचारत. देवाला आंघोळ कोण घालतं? धोतर कोण नेसवतं? नैवेद्य दाखवल्यावर काठी घेऊन शेजारी का बसावं लागतं? कुत्रं येईल म्हणून, असं उत्तर समोरूनच येई. मग ज्याला कुत्रं हाकलता येत नाही, तो आपलं काय राखणार, हा पुढचा प्रश्न. लोक हसत. हसता हसता निष्कर्ष त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेला असे, आणि स्वतःच्या तोंडचं वाक्य खोडणं अवघड असतं. सण-लग्नासाठी काढलेलं कर्ज, दारू, बोकडाचा बळी, अस्पृश्यता, सगळ्यावर हीच पद्धत. मध्येच गोपाळनामाचा गजर. भक्ती त्यांनी सोडली नव्हती, त्यामुळे नास्तिक म्हणून त्यांना बाजूला सारणं सोपं नव्हतं.

अर्थात नुसत्या शब्दांनी हे झालं नसतं. दिवसभर गावची गटारं उपसणारा माणूस रात्री बोलतोय, हे समोरच्याला दिसत होतं. ते पाया पडू देत नसत, शिष्य करत नसत. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन सुरू असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही.

पैसा कुठे गेला?

लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या, अन्नछत्रं झाली. पंढरपूरला महारांना इतर धर्मशाळांत जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. घरातली भांडी मोडावी लागली तरी चालेल, पण मूल शिकवा, असं स्वतः शाळेत न गेलेले बाबा कीर्तनात सांगत. इथे मात्र प्रश्न नसे, सरळ आज्ञा असे.

8 नोव्हेंबर 1956 रोजी वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, त्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. ऐकणाऱ्यांनी बाबांइतकंच लक्ष गर्दीकडेही द्यावं. प्रत्येक प्रश्नाला ती एका सुरात उत्तर देते. 20 डिसेंबर 1956 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांचं निधन झालं.