लक्ष्मीबाई टिळक : वियोग, मृत्यू आणि स्मरण

आधुनिक मराठी साहित्यातील मृत्यूविषयक जाणिवेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम विलापिकेकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. विलापिका हा शोकाला दिलेला मान्य असा काव्यबंध आहे. परंतु दुःख नेहमीच अशा बंधात मावते असे नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांच्या वाट्याला जे वियोग आले, त्यांतील सर्वांत मोठ्या वियोगासाठी तत्कालीन समाजाजवळ विधी नव्हता आणि साहित्याजवळ आकृतिबंधही नव्हता.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच घरावर मृत्यूची छाया पडलेली होती. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली. या आघाताचा परिणाम त्यांच्या वडिलांवर विलक्षण रीतीने झाला : त्यांनी सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेणे त्यांना अशक्य होऊन बसले. मीठही यातून सुटत नसे. लक्ष्मीबाईंनी या प्रकाराचे वर्णन विनोदाने केले आहे आणि वाचकही ते हसतच वाचतो. त्यामुळे एक गोष्ट सहज नजरेआड होते. हे सोवळे केवळ कर्मठपणातून आलेले नव्हते. फाशीसारख्या मरणाने घरात शिरलेले भय धुऊन काढण्याचा तो एक असाध्य प्रयत्न होता. पुढे लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले, त्या घटनेकडे धर्मांतराच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहिले जाते. पण घराण्यात साचून राहिलेल्या एका शोकातून त्यांनी करून घेतलेली ती सुटकाही होती, असे म्हणण्यास जागा आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, वक्ते आणि वृत्तीने अस्थिर. न सांगता घरातून निघून जाणे हा त्यांचा शिरस्ता होता. पत्नीला लिहावाचायला शिकवले तेही त्यांनीच, आणि वारंवार एकटे सोडले तेही त्यांनीच. याच काळात काही अपत्ये लहानपणी दगावली. टिळकांच्या ‘बापाचे अश्रू’ या विलापिकेची गणना आधुनिक मराठीतील आरंभीच्या विलापिकांत होते. पिता शोकाला काव्यरूप देऊ शकला. आईच्या शोकाला शब्द मिळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली, आणि ते मिळाले तेव्हा गद्यात, घरातल्या इतर शेकडो घटनांच्या ओघात मिळाले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्थितीचा विचार येथे थोडा थांबून करायला हवा. पतितासाठी धर्मशास्त्राने घटस्फोटाचा विधी सांगितला आहे. नातलगांनी पाण्याचा घट पालथा करून जिवंत माणसाला मेलेला मानावे, अशी ती तरतूद आहे. मृत्यूच्या भाषेत बोलल्यावाचून समाजाला अशा वियोगाची व्यवस्था लावता येत नव्हती. पण पत्नीचे काय? विधवेसाठी केशवपनापासून आलवणापर्यंत सर्व काही ठरलेले होते. विधवेच्या दुःखाला साहित्यानेही रूप दिले होते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे; हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तर या घटनेच्या पाचच वर्षे आधी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली होती. लक्ष्मीबाई मात्र विधवा नव्हत्या, आणि लौकिकार्थाने सुवासिनी म्हणून नांदतही नव्हत्या. पती जिवंत होता, पत्रे लिहीत होता, आणि तरी त्याच्या घरचे पाणी पिणे म्हणजे जातीला मुकणे होते. या दुःखासाठी सुतक नव्हते, म्हणून ते कधी फिटतही नव्हते.

कायद्याची वाट होती. १८६६ च्या अधिनियमानुसार, धर्मांतरामुळे सहजीवन नाकारणाऱ्या जोडीदारापासून धर्मांतरित व्यक्तीला विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांनी तो मागितला नाही. लक्ष्मीबाईंनीही त्यांना मृत मानले नाही. मुलगा दत्तू याला घेऊन त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. यातला काही काळ पंढरपुरात गेला. विरहाच्या याच वर्षांत त्या पद्यरचना करू लागल्या. शिक्षण बेताचे, जोडाक्षरांशी कायमचे वैर, आणि तरी लिहावेसे वाटले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. समाजाने जो शोक शोक म्हणून मान्यच केला नव्हता, त्याला प्रकट होण्यासाठी दुसरे स्थान उरले नव्हते.

पुढे त्या नगर भागात आल्या. टिळकांच्या जवळपास, पण वेगळी चूल मांडून त्या काही काळ राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या परिवर्तनाचे श्रेय केवळ पतिनिष्ठेला देण्याची प्रथा पडली आहे. ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. जातिभेद माणसाने केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने, सावकाश आणि बऱ्याच झगड्यानंतर आल्या होत्या.

१८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले आणि नगरही त्यातून सुटले नाही. टिळकांच्या घरी अनेक मुले आश्रयाला असत. साथीत घरातील मुलांना लागण झाली तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेल्या आणि तेथे शुश्रूषेत राहिल्या. ज्या घरात मीठ धुतले जाई, त्या घरची ही मुलगी! येथे मृत्यू हा चिंतनाचा विषय राहत नाही. अंथरुणे बदलणे, पाणी पाजणे, रात्र जागवणे ही कामे तेवढी उरतात. ‘स्मृतिचित्रे’तील या भागाचा संयम मराठी गद्यात दुर्मीळ आहे.

१९१८ च्या मे महिन्यात बालकवी ठोंबरे रेल्वेखाली सापडून गेले. नगरला टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिलेले होते. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे वैधव्य आता खरोखरीचे होते. पण ज्या समाजात त्या होत्या तेथे वपन नव्हते की आलवण नव्हते. पंचविशीत ज्याची भीती घातली जाई, ते पन्नाशीत आले तेव्हा त्याची सक्तीची चिन्हे गळून पडलेली होती. उरली ती अनुपस्थिती, आणि चरितार्थाची विवंचना.

वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून देवदत्त, म्हणजे पूर्वीचा दत्तू, याने आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आले. मागणी पतीच्या चरित्राची होती. तयार झाले ते पत्नीचे आत्मचरित्र. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींशी तुलना केली असता हा फरक ठळक होतो. रमाबाईंचे कथन न्यायमूर्तींच्या मृत्यूशी, १९०१ मध्ये, थांबते. सेवासदनासारखे त्यांचे स्वतःचे मोठे कार्य त्यात येत नाही. पतीबरोबर आपलीही कथा संपली, असे ती रचनाच सांगते. लक्ष्मीबाईंचे कथन टिळकांच्या मृत्यूनंतरही चालू राहते आणि कराचीपर्यंत जाते. तसेच टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचा संताप, त्यांनी केलेली परवड यांवर मृत्यूनंतर पांघरूण घालावे असे त्यांना वाटत नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे हा संकेत त्या पाळत नाहीत, आणि तरीही पुस्तकात तक्रारीचा सूर नाही. भांडता येईल इतका तो माणूस त्यांना अजून जिवंत वाटतो, हेच त्याचे कारण असावे.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्यांचे सुमारे दहा अध्याय झाले होते. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी रचले. ख्रिस्ताचे प्रौढ आयुष्य आणि मरणाकडे जाणारी त्याची वाट हा भाग त्यामुळे साहजिकच त्यांच्याकडे आला. काव्यगुणांच्या दृष्टीने या ओव्यांना ‘स्मृतिचित्रे’च्या गद्याची सर नाही, हे मान्य करावे लागते. पण पतीच्या अर्ध्यावर थांबलेल्या ओवीत आपली ओवी मिसळून पुढे जाणे ही स्मरणाची एक वेगळी रीत होती, आणि तिला अनेक वर्षांची चिकाटी लागली.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा चौथा भाग पुरा व्हायचा होता. तो देवदत्तांनी पुरा करून प्रसिद्ध केला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये आले.