पडदानशीन स्त्रियांची कैवारी : कॉर्नेलिया सोराबजी

वाटणीचा दावा म्हणजे काय, हे आपल्या मालवण-देवगडकडच्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. सामाईक घर, चार कलमे, दहा माड, आणि त्यापायी पिढ्यान् पिढ्या पडत राहिलेल्या तारखा! पण अशा तंट्यात घरातल्या विधवेचे म्हणणे कोण ऐकून घेतो? ते ऐकून घेण्यासाठीच जिने कायद्याचा अभ्यास केला, तिची ही हकीकत.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजी झाला. वडील ख्रिस्ती झालेले पारशी. बालपण काही वर्षे आपल्या आंबोली घाटापलीकडच्या बेळगावात व पुढे पुण्यात गेले. आई फ्रान्सिनाबाई पुण्यात शाळा चालवीत. कारभाऱ्याने फसविलेली एक विधवा त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आली, तेव्हापासून मुलीच्या मनात कायदा भरला, असे सांगतात.

डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्यास विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. ती त्यांना नाकारण्यात आली. कारण एकच, बाईची जात! मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ शिकवून, आणि इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमविली तेव्हा, १८८९ साली त्या ऑक्सफर्डला सोमरव्हिल येथे दाखल झाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही त्या वर्गणीस हात लागला होता. कायद्याच्या परीक्षेला बाईने बसावे की नाही, यावर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या परीक्षेस बसल्या व उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! एवढ्या काळात आपल्याकडे मुलीची नात उजवते.

मायदेशी परतल्यावरही तोच प्रकार. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा झाली. पण बाईला सनद कुठली? तोवर संस्थानांतल्या व जमीनदार घराण्यांतल्या पडदानशीन स्त्रियांची दैना त्यांनी पाहिली होती. या बायकांनी परपुरुषाशी बोलायचे नाही आणि वकील तर सगळे पुरुष! इस्टेट कोणाच्या घशात गेली हे बिचारीला कळायचेही नाही. सरकारनेच बाई कायदेतज्ज्ञ नेमावी म्हणून त्यांनी लकडा लावला. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत त्या हिंडल्या. पोटगी, वारसाची काळजी, मुलांचे शिक्षण, सासू-सुनांतली तेढ, सारे माजघरात बसून ऐकायचे आणि वाट काढायची. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुले यांना त्यांचे साहाय्य झाले. कोर्टाच्या पायरीपेक्षा ओटीवर मिटलेला तंटा बरा, हे आपल्यालाही पटण्यासारखे आहे. मात्र दोन्ही बाजूंना ठाऊक असणारा, कायदा जाणणारा मध्यस्थ हवा. नाहीतर समेट म्हणजे दुबळ्याने गप्प बसणे.

१९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीची दारे उघडली आणि बाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते.

स्वातंत्र्याच्या चळवळीला मात्र त्यांनी विरोध केला. इंग्रजी राज्यावर त्यांची श्रद्धा होती. ही गोष्ट आम्हांस रुचत नाही, आणि त्यांच्या हयातीतही पुष्कळांस रुचली नाही. त्यामुळे मायदेशात त्यांचे नाव मागे पडले. १९२९ नंतर त्या लंडनला स्थायिक झाल्या व तेथेच ६ जुलै १९५४ रोजी वारल्या.