पाळकाचा पुत्र : जॉन लोगी बेअर्ड

नागपुरातील नंदनवन वसाहतीपासून आडमार्गावरील खेड्यापर्यंत आज घरोघर दूरचित्रवाणी दिसते. ह्या विद्येच्या आरंभीच्या शोधकांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते जॉन लोगी बेअर्ड एका पाळकाचे पुत्र होते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देतो.

ज्या देशातून स्टीफन हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपुरास आले, त्याच स्कॉटलंडात, हेलेन्सबर्ग गावी, १३ ऑगस्ट १८८८ रोजी बेअर्ड ह्यांचा जन्म झाला. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. चार भावंडांत हे धाकटे. प्रकृति लहानपणापासून नाजूक. पडसे व ताप ह्यांनी ते वरचेवर अंथरूण धरीत. तरी शाळेत असतानाच त्यांनी मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून दूरध्वनि चालू केला. पुत्राने पाळकपण पत्करावे अशी पित्याची इच्छा होती. परंतु पुत्राचे मन यंत्रांत रमले, आणि तारुण्यात त्याची श्रद्धाही मावळली. ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि पितापुत्रांचे प्रेम त्यामुळे तुटले नाही.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यास अपात्र ठरले. पुढे त्यांनी मोजे विकले, त्रिनिदाद बेटात मुरंबा केला, साबणाचा व्यापार केला. पण आजारपणाने एकही धंदा टिकू दिला नाही. १९२३ साली हवापालटासाठी ते हेस्टिंग्ज येथे राहिले व तेथे त्यांनी आपले यंत्र जुळविले. सामग्री म्हणाल तर चहाची पेटी, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि लाख! शेतकरी जसा एकामागून एक तास घालून सर्व शेत नांगरतो, तशी भोकांची फिरती तबकडी समोरील आकृति ओळीओळीने टिपते. त्या उजेडाची वीज होते, आणि दुसऱ्या टोकास विजेचा पुन्हा उजेड होतो. ह्या रीतीने त्यांनी प्रथम एका क्रुसाची छाया काही फुटांवर पाठविली.

लंडनात २ ऑक्टोबर १९२५ रोजी एका बाहुल्याचा चेहरा स्पष्ट उमटला. बेअर्ड धावत खाली गेले व तेथील कचेरीतील विल्यम टेंटन नामक पोऱ्यास वर घेऊन आले. दिव्यांच्या धगीने तो भ्याला, तेव्हा त्याच्या हाती अर्धा क्राउन ठेवून त्यास बसविले. २६ जानेवारी १९२६ रोजी विद्वानांसमोर प्रयोग झाला, आणि १९२८ साली चित्रे अटलांटिक महासागरापलीकडे पोहोचली.

परंतु १९३६ च्या नोव्हेंबरात लंडनात नियमित प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा दोन पद्धतींची कसोटी लागली. बेअर्ड ह्यांच्या चित्रात २४० ओळी, तर प्रतिस्पर्ध्यांच्या पूर्णपणे विजेच्या पद्धतीत ४०५. त्याच महिन्यात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळा भस्म झाल्या, आणि १९३७ च्या आरंभी त्यांची पद्धत वगळण्यात आली. दुसरा कोणी खचून गेला असता. हे मात्र युद्धकाळी, बॉम्ब पडत असता, पदरच्या पैशाने घरी प्रयोग करीत राहिले. ज्या विजेच्या पद्धतीने त्यांचा पराभव केला तीच त्यांनी आत्मसात केली, आणि १६ ऑगस्ट १९४४ रोजी तिच्याच साहाय्याने रंगीत चित्र दाखविले. १४ जून १९४६ रोजी ते निवर्तले. हेलेन्सबर्ग येथे मातापित्यांच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या बाहुल्याचा चेहरा उमटल्यास बरोबर ४७ वर्षे झाली त्या दिवशी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली. तीत फिरती तबकडी नव्हती. तरी बेअर्ड ह्यांचे श्रम व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

उपदेशक बंधूंनो, तुम्ही एखाद्या गावी दहा वर्षे अक्षरे व प्रार्थना शिकविता. पुढे दुसरा येतो, बाप्तिस्मे होतात आणि नाव त्याचे होते. अशा वेळी मन खिन्न होऊ देऊ नका. पेरणी कोणाची हे धन्यास ठाऊक असते. आपली पद्धत मागे पडली तर नवी शिकून घ्यावी, आणि दिवस मावळेपर्यंत हातचे काम सोडू नये.