केसरबाई केरकर

सूरश्री केसरबाई केरकर (जन्म : केरी, फोंडा तालुका, गोवा, १३ जुलै १८९२, - मुंबई, १६ सप्टेंबर १९७७) या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील जयपूर-अत्रौली घराण्याच्या ख्यातनाम गायिका होत्या. घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या त्या प्रमुख शिष्या होत. व्यावसायिक ध्वनिमुद्रणाकडे त्यांनी सदैव साशंकतेने पाहिले. तरीही एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांच्या ७८ फेऱ्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांचे गाणे पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. यांपैकी भैरवीची मुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांतील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली.

बालपण आणि कोल्हापूर

केसरबाईंचा जन्म पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, देवळांच्या सेवेत गाणे-बजावणे परंपरेने चालत आलेल्या समाजात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात आल्या आणि तेथे सुमारे आठ महिने त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. त्या काळी कोल्हापूर हे गुणीजनांचे आश्रयस्थान होते. १८९५ साली शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी संगीत, नाटक आणि कुस्ती यांनाही उदार आश्रय दिला. अल्लादिया खाँ त्यांच्याच दरबारी गायक होते. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब हे शहरातील रसिकांचे आणि कलावंतांचे एकत्र येण्याचे ठिकाण होते.

गोव्याला परतल्यावर केसरबाई लामगाव येथे पंडित रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकल्या. मात्र बुवांचा मुक्काम तेथे सलग नसल्याने हे शिक्षण खंडित स्वरूपाचे राहिले.

तालीम

सोळाव्या वर्षी केसरबाई आई व मामांसह मुंबईला आल्या. तेथे सेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्या साहाय्याने सतारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पंडित भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन त्यांना काही काळ लाभले. गुरू वारंवार बदलावे लागल्याने एका शैलीत स्थिर होण्यास त्यांना बराच काळ लागला.

१९२१ साली अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. सुमारे अकरा वर्षे त्यांची कठोर तालीम चालली आणि १९४६ साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे शिक्षण या ना त्या रूपाने सुरू राहिले. खाँसाहेबांकडे येण्यापूर्वी जे शिकले होते, ते बाजूला ठेवून केसरबाईंना स्वरलावापासून पुन्हा प्रारंभ करावा लागला.

गायनशैली

खुला आणि भरदार आकार, लांब दमसास आणि लयीच्या अंगाने उलगडत जाणारी पेचदार तान ही केसरबाईंच्या गायनाची वैशिष्ट्ये मानली जातात. जोड राग व अनवट राग मांडणे हे जयपूर-अत्रौली घराण्याचे लक्षण आहे. ललितागौरी, नट कामोद यांसारखे राग त्या सहजतेने गात. तोडी, ललित, मालकंस, गौड मल्हार हे परिचित रागही त्यांच्या मांडणीत घराण्याची स्वतंत्र मुद्रा घेऊन येत.

ध्वनिमुद्रिका

केसरबाईंच्या उमेदीच्या काळात ध्वनिमुद्रिका लाखेच्या मिश्रणाची असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. मेणाच्या तबकडीवर मुद्रण करून त्यावरून धातूचे साचे घडवत आणि साच्यांतून प्रती छापल्या जात. मैफलीत तासभर चालणारा ख्याल या मर्यादेत बसवताना आलाप आटोपता घ्यावा लागे आणि बंदिश, बोलतान व तान यांचे प्रमाण नव्याने ठरवावे लागे. केसरबाईंच्या मुद्रिकांत ही काटछाट असूनही रागाचे रूप अपुरे वाटत नाही, यामुळे अभ्यासक त्यांना विशेष महत्त्व देतात.

त्या काळी भारतीय बाजारात एच.एम.व्ही.चे वर्चस्व होते. ओडियन, ब्रॉडकास्ट आणि मुंबईची यंग इंडिया ही तिच्याशी स्पर्धा करणारी लेबले होती. केसरबाईंचे बालपणीचे गुरू अब्दुल करीम खाँ यांच्या अखेरच्या वर्षांतील प्रसिद्ध मुद्रिका ओडियनने काढल्या, तर केसरबाईंच्या काही मुद्रिका ब्रॉडकास्टने प्रसिद्ध केल्या. एच.एम.व्ही.च्या गाजलेल्या मुद्रिका पुढे एलपी, कॅसेट आणि सीडी या रूपांत पुन्हा निघाल्या. लहान कंपन्यांच्या बाबतीत असे सहसा घडले नाही. कंपनी बंद पडली की साचे हाती राहतीलच याची शाश्वती नसे. अशा वेळी कुणाच्या घरी जपलेली प्रत हाच त्या गाण्याचा शिल्लक पुरावा ठरतो.

म्हणूनच केसरबाईंच्या जुन्या मुद्रिका संग्राहकांना मोलाच्या वाटतात. संग्राहक लेबलावरील क्रमांकाबरोबरच लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत उमटवलेला साच्याचा क्रमांकही तपासतात. प्रत मूळ छपाईची आहे की नंतरची, हे ठरवताना तो उपयोगी पडतो. लाखेची तबकडी हातातून निसटली तर फुटते आणि पोलादी सुईने वारंवार वाजवल्यास तिच्या खाचा झिजतात. त्यामुळे सुस्थितीतील प्रती कमी आढळतात. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणून जुन्या मुद्रिकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

केसरबाईंच्या मुद्रिकांना आणखी एका कारणाने ऐतिहासिक महत्त्व आहे. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले या त्यांच्या दोन्ही गुरूंचे गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध नाही. खाँसाहेबांची गायकी कशी होती, याचा अंदाज त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरूनच बांधावा लागतो. त्यांत केसरबाईंचा साक्षीपुरावा अग्रस्थानी आहे.

प्रत्यक्ष मैफलींचे मुद्रण करण्यास मात्र त्यांचा विरोध असे आणि नभोवाणीपासूनही त्या दूर राहिल्या. कष्टाने मिळवलेली विद्या कुणीही, कुठेही, कसेही ऐकावी हे त्यांना रुचत नसे. या कठोर भूमिकेमुळे त्यांच्या ऐन बहरातील प्रदीर्घ गायनाचा फार थोडा भाग मागे उरला. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी जाहीर गायनातून निवृत्ती घेतली.

व्हॉयेजरची सुवर्ण तबकडी

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीची ओळख सांगणारी तबकडी पाठवण्याचे ठरवले. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीला संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली. तिचे मुद्रण १९५३ साली मुंबईत झाले होते. ती मुद्रिका तोवर बाजारात मिळेनाशी झाली होती. बराच शोध घेतल्यावर समितीतील अ‍ॅन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या.

सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या या बारा इंची तबकडीत सत्तावीस संगीतरचना आहेत. भारतीय संगीतातील ही एकच रचना तीत आहे. तबकडीसोबत ती वाजवण्याची सुई आणि कृतीच्या आकृत्याही ठेवल्या आहेत. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी अवकाशात झेपावले. त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले. २०१२ साली व्हॉयेजर १ ने आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

शिष्यपरंपरा

केसरबाईंनी शिष्य जवळजवळ घेतलेच नाहीत. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) या त्यांच्या एकमेव ज्ञात शिष्या होत. धोंडूताईंचे आधीचे शिक्षण कोल्हापुरात अल्लादिया खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे झाले होते. बालपणी केसरबाईंना जेथे तालीम मिळाली, त्याच शहरातून त्यांची शिष्या आली.

सन्मान आणि स्मृती

१९४८ साली कोलकात्यात केसरबाईंना सूरश्री ही पदवी देण्यात आली. १९५३ साली संगीत नाटक अकादमी पुरस्काराने आणि १९६९ साली पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्य गायिका म्हणून सन्मानित केले. गोव्यात त्यांच्या नावाने सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह भरवला जातो.