संत मलाखी आणि लाउथ जिल्ह्यातील मधाचा झरा

आपल्या चर्चच्या भिंती केव्हा उभ्या राहिल्या, घंटा कोणी अर्पण केली, वर्गणी कशी जमली, हा सर्व वृत्तांत या ज्युबिली स्मरणिकेत अन्यत्र वाचावयास मिळेलच. प्रस्तुत लेखकाने मात्र या पानांवर एका परदेशीय पुण्यपुरुषाचे चरित्र देण्याचे योजिले आहे. देवमंदिर बांधून झाल्यावर ते कोणाच्या मालकीचे, या प्रश्नापायी ज्याने आपल्या जिवास धोका पत्करला आणि शेवटी मिळालेले पदही सोडून दिले, असे संत मलाखी आपल्या लोकांस फारसे ठाऊक नाहीत. ज्युबिलीच्या दिवसांत त्यांची ओळख करून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लाउथ नावाचा जिल्हा आहे. त्या देशातील सर्व जिल्ह्यांत तो विस्ताराने लहान. परंतु मठांच्या संपत्तीने फार थोर. संत पॅट्रिक यांचे शिष्य म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्या संत मोक्टा यांनी लाउथ गावी मठ स्थापिला. संत बुइते यांनी मॉनेस्टरबॉइस येथे दुसरा स्थापिला. या दुसऱ्या ठिकाणी दगडात कोरलेले उंच क्रूस आजही उभे आहेत. त्यांपैकी म्युरेडाकचा म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो तीन पुरुष उंचीचा असून त्यावर आदाम-एवेपासून अंतिम न्यायापर्यंतचे प्रसंग कोरले आहेत. अक्षरशून्य शेतकऱ्यास पवित्र शास्त्र वाचून दाखविणारे ते पाषाणाचे पुस्तकच होय. क्रूसांशेजारी एक वर्तुळाकार उंच मनोरा आहे. 1097 साली त्यास आग लागून आत ठेवलेले ग्रंथ व मौल्यवान वस्तू भस्म झाल्या, अशी नोंद आयरिश बखरींत सापडते.

परंतु ग्रंथ जळण्याहून मोठी हानी निराळीच होती. समुद्रावरून येणाऱ्या नॉर्स लुटारूंच्या धाडी आणि देशी राजांच्या आपसांतील लढाया यांमुळे मठांची शिस्त ढासळली होती. पुष्कळ ठिकाणी मठाधिपतीचे पद व मठाच्या जमिनी एखाद्या कुळाच्या हाती जाऊन बापाकडून मुलाकडे उतरत. संत पॅट्रिक यांचे प्रत्यक्ष आसन जे आर्मा, तेही यातून सुटले नाही. तेथे एकाच घराण्याने सुमारे दोनशे वर्षे ठाण मांडले होते, आणि त्या काळात लागोपाठ आठ पुरुष गुरुदीक्षा न घेता, प्रपंच करीत त्या आसनाचे उत्पन्न खात राहिले.

याच आर्मा नगरात 1094 च्या सुमारास मलाखी यांचा जन्म झाला. त्यांचे आयरिश नाव मेल मेडोक ओमोर्गर. वडील तेथील मठशाळेत नामांकित अध्यापक होते. मुलगा लहान असतानाच ते वारले. आईने मुलास भक्तिमार्गावर वाढविले. पुढे इमार नावाच्या एकांतवासी तपस्व्याच्या चरणी बसून मलाखींनी धर्मसाधना केली. त्या वेळी आर्माचे आर्चबिशप सेल्सस होते. हेही त्याच घराण्यातले. पण यांनी रीतसर दीक्षा घेऊन सुधारणेस हात घातला होता. त्यांनी मलाखींस डीकन केले, आणि 1119 च्या सुमारास, वयास तीस वर्षे पुरी व्हावी असा नियम असताही पंचविसाव्या वर्षीच गुरुदीक्षा दिली.

डीकन असता मलाखींनी बेवारस गोरगरिबांची प्रेते स्वहस्ते उचलून पुरण्याचे काम अंगावर घेतले. त्यांच्या बहिणीस हे अगदी रुचले नाही. घराण्याच्या नावास बट्टा लागतो, असे म्हणून तिने त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना केली. पुढे तिचे स्वतःचे वर्तन असे काही झाले की मलाखींनी तिच्या जिवात जीव असेतो तिचे तोंड न पाहण्याचा निश्चय केला, आणि भेट न होताच ती मरण पावली. ती गेल्यावर तिच्यासाठी ते मिस्सा अर्पण करू लागले. परंतु काही काळाने त्यात खंड पडला. एके रात्री स्वप्नात त्यांस कळले की बहीण बाहेर अंगणात उभी असून तीस दिवस तिच्या पोटात अन्न गेलेले नाही. जागे होऊन त्यांनी हिशेब केला, तो मिस्सा बंद पडून नेमके तितकेच दिवस झाले होते. लागलीच त्यांनी पुन्हा आरंभ केला. मग ती त्यांस तीनदा दिसली: पहिल्याने काळ्या वस्त्रात, चर्चच्या उंबऱ्यापर्यंत आलेली पण आत पाऊल टाकू न शकणारी, दुसऱ्याने फिकट वस्त्रात, उंबऱ्याच्या आत, परंतु वेदीपासून दूर, आणि शेवटी शुभ्र वस्त्रात, पुण्यात्म्यांच्या मेळ्यात, वेदीपाशी. नोव्हेंबर महिन्यात आपल्या मृतांची नावे लिहून आणणाऱ्या पुष्कळ जणांस हा प्रसंग ऐकविला आहे. जिवंतपणी बहिणीशी धरलेला अबोला पुढे केवढ्या मिस्सांनी फेडावा लागला, हेही त्यातून ध्यानी येते.

1124 च्या सुमारास मलाखी बँगर येथील उद्ध्वस्त मठाचे अधिपती झाले. त्या मठाच्या जमिनी त्यांच्या एका नातलगाकडे होत्या. त्याने त्या त्यांच्या स्वाधीन केल्या. जमिनींचे उत्पन्न त्यांनी दुसऱ्याच्या हाती राहू दिले. आपणास केवळ ती पवित्र जागा पुरे, असे ठरवून दहा सोबत्यांसह तासलेल्या फळ्यांचे छोटे प्रार्थनामंदिर उभारले. लागलीच त्यांस बिशपपदही पतकरावे लागले. बिशप झाल्यावरही त्यांस स्वतःचे घर नव्हते, शेत नव्हते, चाकर नव्हते. गावोगाव पायी हिंडून ते उपदेश करीत. काही वर्षांनी एका राजाने बँगर लुटले, तेव्हा आपल्या संन्याशांसह त्यांस दक्षिणेकडे आश्रय घ्यावा लागला.

1129 साली सेल्सस मृत्युशय्येवर असता त्यांनी आपल्या हातातील दंड मलाखींकडे पाठवून आर्माची गादी त्यांस द्यावी असा निरोप ठेविला. आपल्या कुळाच्या हातून ते आसन सुटावे, हीच त्या सत्पुरुषाची इच्छा होती. घराण्याने मात्र आपल्यापैकी म्युर्टा नावाच्या एकास तेथे बसविले. मलाखींचे मन मठात रमणारे. त्यांनी तीन वर्षे नकार दिला. शेवटी वडीलधाऱ्या बिशपांनी आज्ञेची भाषा वापरली, तेव्हा 1132 साली त्यांनी एका अटीवर होकार दिला: मंदिर मोकळे झाले व शांतता नांदू लागली की आपणास पूर्वीच्या दारिद्र्याकडे परत जाऊ द्यावे. म्युर्टा जिवंत असेपर्यंत रक्तपात नको म्हणून त्यांनी नगरात पाऊल टाकले नाही.

1134 साली म्युर्टा मेला, तेव्हा त्याच्या जागी नील उभा राहिला. येशूचा दंड म्हणून पूजिली जाणारी रत्नजडित काठी आणि आर्माचा प्राचीन शुभवर्तमान-ग्रंथ घेऊन तो पळाला. कारण या दोन वस्तू ज्याच्याजवळ तोच खरा बिशप, अशी भोळ्या लोकांची समजूत होती. त्याच सुमारास त्या कुळातील एका सरदाराने समेटाचे निमित्त करून मलाखींस आपल्या वाड्यावर बोलाविले. हत्यारबंद लोक दडवून ठेविले होते. मित्रांनी परोपरीने विनविले. तरी मलाखी केवळ तीन शिष्यांसह गेले आणि सरळ मारेकऱ्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ज्यांनी उठून वार करावयाचा, ते उठले खरे, पण नमस्कार करण्यासाठी! वैराचा तेथेच शेवट झाला. दंडही पुढे परत मिळाला. 1137 साली मलाखींनी आपली अट सर्वांस आठवून दिली, गिलेशियस यांच्या हाती आर्मा सोपविले, आणि आपण डाउनच्या गरीब धर्मप्रांतात निघून गेले.

आयरिश आर्चबिशपांस रोमहून पालियम, म्हणजे त्या पदाची खूण असणारा लोकरीचा पट्टा, अद्याप मिळाला नव्हता. तो मागण्यासाठी मलाखी 1139 साली रोमकडे निघाले. बरोबर पाच धर्मगुरू व इतर मंडळी, घोडे मात्र तीनच! यॉर्क येथे वॉल्डेफ नावाच्या मठाधिकाऱ्याने आपला घोडा दिला. घोडा दचके देत चालणारा होता. पण पुढे तो इतका सुधारला की तो त्यांनी मरेपर्यंत वापरला. फ्रान्सात क्लेर्व्हो येथे संत बर्नार्ड यांची भेट झाली, आणि तेथील सिस्टर्सियन संन्याशांचे मौन, श्रम व गायन पाहून मलाखींस वाटले की आपले घर हेच. रोममध्ये त्यांनी पोप दुसरे इनोसंट यांजपाशी क्लेर्व्हो येथे राहण्याची परवानगी मागितली. पोपसाहेबांनी ती नाकारली. त्यांनी मलाखींस आयर्लंडसाठी आपला प्रतिनिधी नेमले आणि स्वतःच्या मस्तकावरील मुकुट काढून त्यांच्या मस्तकावर ठेविला. पालियमसाठी मात्र सबंध देशाच्या धर्मपरिषदेची मागणी यावी, असे सांगितले.

येथे थोडे विषयांतर. पुढील सर्व पोपसाहेबांविषयीची भविष्ये मलाखींस याच प्रवासात दिसली, अशी एक आवई आहे. 2013 व 2025 सालच्या निवडणुकींच्या वेळी ती आपल्याकडेही पसरली. ही यादी 1595 साली प्रथम छापली गेली, म्हणजे संतांच्या मृत्यूनंतर साडेचारशे वर्षे उलटत आल्यावर. मलाखींचे बारीकसारीक चरित्र लिहिणाऱ्या बर्नार्डांस तिचा गंधही नव्हता. ती बनावट आहे, यात विद्वानांत दुमत नाही.

आपणास क्लेर्व्हो येथे राहता येत नाही, तर क्लेर्व्होच आपल्या देशी न्यावे, असे मलाखींनी मनात आणिले. परतताना त्यांनी चार सोबती शिक्षणासाठी बर्नार्डांपाशी ठेविले. 1142 साली लाउथ जिल्ह्यात, मॅटक नदीच्या काठी, ओरिएलचा राजा डोनोह ओकॅरल याने जागा दिली व तेथे आयर्लंडातील पहिला सिस्टर्सियन मठ उभा राहिला. नाव मेलिफाँट, अर्थात मधाचा झरा. मलाखींच्या शिष्यांपैकी क्रिश्चन हे पहिले मठाधिपती झाले आणि बांधकामाच्या मदतीस बर्नार्डांनी रॉबर्ट नावाचे संन्यासी पाठविले. आरंभ सुरळीत झाला असे नव्हे. फ्रेंच व आयरिश बंधूंचे पटेना. काही फ्रेंच संन्यासी रागावून मायदेशी परतले आणि बर्नार्डांस त्याबद्दल मलाखींस लिहावे लागले. साधूंच्या घरीही भांडी वाजतात! तरीसुद्धा 1147 साली बेक्टिव्ह व 1148 साली बाल्टिंग्लास येथे मेलिफाँटच्या शाखा निघाल्या, आणि कालांतराने अशी कन्यागृहे वीसाहून अधिक झाली. लाउथ गावाजवळ मुंग्यांची टेकडी असे नाव असलेल्या जागी ऑगस्टीनियन व्रतस्थांचे मंदिर त्याच राजाने व बिशप ओकेली यांनी बांधविले. त्यास 1148 साली मलाखींनीच पवित्र केले.

या नव्या वैभवापुढे मॉनेस्टरबॉइससारखे जुने मठ निस्तेज झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. बर्नार्डांनी आयरिश लोकांचे जे रानटी चित्र रेखाटले आहे, तेही मित्रप्रेमाच्या भरात थोडे अधिक काळे झाले असावे. ज्यांनी ते क्रूस कोरले ते लोक रानटी नव्हते. पण मोडकळीस आलेली व्यवस्था जुन्या नावावर किती दिवस चालणार होती?

1148 साली इनिशपॅट्रिक बेटावर पंधरा बिशप व दोनशे धर्मगुरू यांची परिषद भरली व पालियमची मागणी घेऊन मलाखी पुन्हा निघाले. इंग्लंडच्या स्टीफन राजाने वाट अडविल्यामुळे विलंब झाला. ऑक्टोबरात क्लेर्व्हो येथे पोहोचतात तो पोपसाहेब पुढे गेले होते. संत लूक यांच्या सणाच्या दिवशी, 18 तारखेस, मिस्सा करून मलाखी तापाने अंथरुणास खिळले. मरण यावे तर क्लेर्व्हो येथे व मृत भाविकांच्या स्मरणदिनी यावे, अशी त्यांनी फार पूर्वी इच्छा बोलून दाखविली होती. बंधूंस ताप साधा वाटे. त्यांस मात्र ठाऊक होते. अभ्यंगाचा संस्कार घेण्यासाठी ते स्वतःच्या पायांनी जिना उतरून चर्चमध्ये आले आणि तसेच चढून परत गेले. 2 नोव्हेंबर 1148 रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, बर्नार्डांच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेविला. बर्नार्डांनी मृतासाठी मिस्सा आरंभिली. परंतु ख्रिस्तप्रसाद झाल्यावर त्यांनी मृतांची प्रार्थना सोडून संत बिशपांच्या सणाची प्रार्थना म्हटली. पोप तिसरे क्लेमेंट यांनी 1190 साली त्यांस विधिपूर्वक संत म्हणून घोषित केले. मृत भाविकांच्या दिवसास बाध येऊ नये म्हणून त्यांचा सण 3 नोव्हेंबरला पाळतात.

जे पालियम त्यांनी दोनदा मागितले, ते 1152 साली कार्डिनल पापारो यांनी आयर्लंडास आणिले. एक नव्हे, चार. 1157 साली मेलिफाँटचे मोठे मंदिर पवित्र झाले, त्या वेळी डेर्वोगिला नावाच्या राजस्त्रीने साठ औंस सोने, मरियामातेच्या वेदीसाठी सोन्याचा चषक आणि नऊ वेद्यांसाठी वस्त्रे दिली. 1539 साली आठव्या हेन्री राजाने मठ जप्त केला व त्या जागेत सरदाराचा वाडा झाला. आज तेथे पायांच्या रेषा, काही कमानी, आणि जेवणापूर्वी संन्यासी हात धूत त्या अष्टकोनी इमारतीच्या चार भिंती एवढेच उरले आहे. क्लेर्व्हो येथे 1153 साली बर्नार्ड वारले, तेव्हा मलाखींचा झगा त्यांच्या अंगावर घालून त्यांस पुरण्यात आले. आणि 1938 साली, जप्तीनंतर 399 वर्षांनी, सिस्टर्सियन संन्याशांनी लाउथ जिल्ह्यातच, मेलिफाँटच्या भग्नावशेषांपासून थोड्या मैलांवर कॉलन येथे पुन्हा मठ मांडला आणि त्यास जुनेच नाव दिले.