एक खोली, एक क्लार्क आणि तीन शिपाई: एवढ्याशा ग्रांटवर मुंबईत प्लेगची लस बनली कशी?

एप्रिल २०२१ आठवतोय? कोरोनाची दुसरी लाट टिपेला होती आणि लशीसाठी रांगा लागल्या होत्या. त्याच दिवसांत बातमी आली की मुंबईच्या हाफकिनमध्ये कोव्हॅक्सिन बनवायला परवानगी मिळाली आणि त्यासाठी केंद्र सरकार सुमारे ६५ कोटींचं अनुदान देणार.

तेव्हा अनेकांनी गुगल केलं, हे हाफकिन नेमकं काय आहे? परळमधली ती जुनी इमारत, साप आणि सर्पदंशाची लस एवढंच आपल्याला माहिती. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि या माणसाला संशोधनासाठी सुरुवातीला मिळालेली मदत ६५ कोटींच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. एक खोली, बाहेरचा व्हरांडा आणि हाताखाली चार माणसं. बस्स.

आजच्या भाषेत याला सीड ग्रांट म्हणतात. एखादी संस्था किंवा सरकार आपल्याच तिजोरीतून, आपल्याच माणसाला, अजून सिद्ध न झालेल्या कल्पनेसाठी थोडी रक्कम आणि जागा देतं. बाहेरचा मोठा फंड मागायला गेलं की आधीचा पुरावा विचारतात. पुरावा गोळा करायचा तर आधी पैसे लागतात. ही कोंडी फोडायला अशी छोटी घरची ग्रांट असते.

ती मिळाली तर काय होतं आणि तिच्यात काय कमी पडतं, हे समजून घ्यायला वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

धर्म बदला, मग प्राध्यापक व्हा

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओदेसा, तेव्हा रशियन साम्राज्यात, आज युक्रेनमध्ये. घर ज्यू. ओदेसाच्या विद्यापीठात ते शिकायला गेले आणि तिथे त्यांना गुरू भेटले इल्या मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं.

तो काळ ज्यूंसाठी वाईट होता. दंगली व्हायच्या, घरं जाळली जायची. तरुण हाफकिन ज्यू वस्त्यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात होते. एकदा जखमी झाले आणि वर अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं.

शिक्षण उत्तम होतं, पण पुढे विद्यापीठात वर चढायचं तर ख्रिश्चन व्हावं लागणार होतं. हाफकिन यांनी नकार दिला. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस.

पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट नुकतीच सुरू झाली होती. मेचनिकोव्हही तिथे होते. पण संशोधकाची जागा काही रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयात, सहाय्यकाची. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेतल्या टेबलावर काम करायचं. पगार ग्रंथालयाचा आणि संशोधन कॉलऱ्यावर, असा तो हिशेब.

पहिलं इंजेक्शन स्वतःला

कॉलरा तेव्हा युरोपातही माणसं मारत होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन त्यांच्यापासून लस तयार केली. १८ जुलै १८९२ ला ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण काही दिवसांत ते ठणठणीत झाले.

तरी मोठे शास्त्रज्ञ साशंकच होते. लस खरंच काम करते हे दाखवायचं तर जिथे कॉलरा दरवर्षी येतो तिथे जायला हवं होतं. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने भारताचं दार उघडलं आणि १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले.

परका माणूस, रशियन, ज्यू आणि डॉक्टरकीची पदवीसुद्धा नाही, कारण त्यांचं शिक्षण प्राणिशास्त्राचं. ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्यावर विश्वास नव्हता. लोकांना तर सुईचीच भीती.

१८९४ च्या मार्चअखेर कलकत्त्याच्या कट्टल बागान बस्तीत कॉलरा आला. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांनी हाफकिन यांना बोलावलं. बस्तीत साधारण २०० लोक होते, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे आणखी १० जणांना कॉलरा झाला, ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

आकडा छोटा होता, पण त्यामुळे पुढचं घडलं. आरोग्य अधिकाऱ्यांनी मोठ्या चाचणीसाठी पैसे बाजूला काढले. म्हणजे एका शहराच्या आरोग्य खात्याने स्वतःच्या बजेटमधून एका नव्या कल्पनेवर डाव लावला. इथे दिल्लीचा फतवा नव्हता की लंडनचा फंड नव्हता. रोज मृत्यू मोजणाऱ्या खात्यालाच हे संशोधन हवं होतं.

पुढच्या वर्षभरात हाफकिन हजारो लोकांना लस टोचत फिरले. मग मलेरियाने त्यांना गाठलं आणि १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले. आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मुंबई रिकामी होत होती

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मुंबईची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या घरात. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले.

ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या पेटिट लॅबोरेटरीत त्यांना जागा मिळाली. एक खोली आणि व्हरांडा. सोबत एक क्लार्क आणि तीन शिपाई.

काम जीवघेणं होतं. रोज प्लेगचे जिवंत जंतू हाताळायचे, तेही अशा माणसांसोबत ज्यांनी आयुष्यात कधी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. एका सहाय्यकाची मानसिक अवस्था बिघडली, आणखी दोघे काम सोडून गेले. हाफकिन मात्र थांबले नाहीत.

त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सूपात ते प्लेगचे जंतू वाढवायचे. धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून सूप बकऱ्याच्या मांसाचं. त्यावर आपल्या घरातलं साधं तूप सोडायचं. तुपाचे थेंब वर तरंगायचे आणि त्यांना धरून जंतूंच्या जाळ्या खाली लोंबत वाढायच्या. बाटली हलवली की त्या तळाला जायच्या आणि वर नव्या धरायच्या. भरपूर जंतू मिळाले की ते उष्णता देऊन मारायचे. हे मेलेले जंतू म्हणजे लस.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ती पुन्हा पहिल्यांदा स्वतःलाच टोचली.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, पण कोणी दगावलं नाही. कैद्याची संमती ही खरंच संमती असते का, हा प्रश्न आज कोणतीही एथिक्स कमिटी विचारेल, आणि विचारायलाच हवा. तेव्हा तो कुणी विचारला नाही.

धाक आणि विश्वास

इथे महाराष्ट्राला विसरता न येणारी गोष्ट आहे. १८९७ च्या सुरुवातीला साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरांत सैनिक घुसले, लोकांचा अपमान झाला, त्या रागातून जूनमध्ये रँडचा वध झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारवर लोकांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. अशा वेळी सरकारी माणसाची सुई कोण टोचून घेणार?

तेव्हा मदतीला आले तिसरे आगाखान. वय अवघं १९. त्यांनी आधी लोकांसमोर स्वतः लस घेतली, मग खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. एवढंच नाही, तर माझगावजवळची आपली एक प्रचंड हवेली, खुश्रू लॉज, त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी देऊन टाकली.

ग्रँट मेडिकल कॉलेजची खोली कधीच अपुरी पडली होती. लशीची मागणी वाढत होती आणि सरकारची मोठी मदत अजून कागदावर होती. मधला काळ एका खासगी माणसाच्या घराने तारून नेला.

गव्हर्नरचा बंगला झाला प्रयोगशाळा

अखेर सरकारला पटलं. १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. या बंगल्यात आधी मुंबईचे गव्हर्नर राहायचे. १८८० च्या दशकात एका गव्हर्नरच्या पत्नीचा इथे कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि मग गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. कॉलऱ्यामुळे ओस पडलेल्या घरात कॉलऱ्याची लस शोधणारा माणूस कामाला बसला.

चार माणसांचे पन्नासहून जास्त झाले. इथून देशभर आणि देशाबाहेर लस जाऊ लागली. १९२५ पर्यंत मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख डोस गेले.

लस शंभर टक्के संरक्षण देत नव्हती, ताप आणि सूजही यायची. पण प्लेग होण्याची आणि त्याने मरण्याची शक्यता बरीच कमी व्हायची. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा हा मोठा आधार होता.

एक बाटली आणि १९ मृत्यू

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव, आज पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते मेले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते.

चौकशी बसली. झालं असं होतं की पंजाब सरकारला प्रचंड प्रमाणात लस हवी होती. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक अॅसिड घालणं थांबवून फक्त उष्णतेने निर्जंतुक करायची पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रुळलेली पद्धत घेतली होती. आयोगाने बोट त्यावर ठेवलं. बाटली मुंबईतच दूषित झाली असणार, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं.

पण कागदपत्रांत आणखी एक गोष्ट होती. गावात बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे शाळेत आपणही शिकलोय. शिवाय बाटली दूषित होऊन इतके दिवस गेले असते तर उघडताच घाण वास यायला हवा होता.

हे जगासमोर यायला पाच वर्षं लागली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्यासाठी लढले, इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. फ्रान्समधल्या ज्यू अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्याची आठवण काढून लोक याला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले.

ते भारतात परतले, पण मुंबईत नाही. कलकत्त्यात जागा मिळाली आणि माणसांवर चाचण्या करायला मनाई झाली. १९१५ च्या आसपास, ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमध्ये काढली, आयुष्याची पुंजी ज्यू धार्मिक शिक्षणासाठी ठेवली आणि २६ ऑक्टोबर १९३० ला लोझान इथे ते गेले.

मग आज यातून काय घ्यायचं?

१५ नोव्हेंबर १९११ ला भारतात वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एका नव्या संस्थेच्या नियामक मंडळाची पहिली बैठक झाली. नाव, इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. १९४९ मध्ये तिचं नाव बदललं आणि आज आपण तिला आयसीएमआर म्हणतो. कोरोनात रोज ऐकलेलं तेच नाव. देशाला आज स्वतःच्या संस्थांसाठी आणि बाहेरच्या संशोधकांसाठी ग्रांट देणाऱ्या या परिषदेची ती पहिली बैठक भरली होती मुंबईच्या प्लेग लॅबोरेटरीत. म्हणजे हाफकिन यांनी उभ्या केलेल्या जागेत. ते स्वतः तेव्हा कलकत्त्यात होते.

हाफकिन यांना सुरुवात करायला फार पैसे लागले नाहीत. योग्य वेळी एक खोली मिळाली, हे महत्त्वाचं. ती खोली मिळाली नसती तर तुरुंगातला पुरावा नसता, पुरावा नसता तर परळचा बंगलाही नसता.

पण छोट्या ग्रांटला मर्यादाही आहे. खोली आणि बंगला यांच्या मधली दोन वर्षं सरकारने नाही, आगाखानांच्या हवेलीने भरून काढली. प्रत्येक संशोधकाला आगाखान भेटत नाही.

आणि सगळ्यात जड गोष्ट पैशांची नाहीच. नव्या कल्पनेला पैसे देताना धोका आहे हे सगळ्यांना माहिती असतं. धोका खरा ठरला की मात्र तो एकट्या संशोधकाच्या डोक्यावर येतो. मलकोवालच्या १९ कुटुंबांना उत्तर मिळायलाच हवं होतं. पण ते उत्तर नीट शोधण्याआधी माणूस शोधला गेला, आणि त्यात मूळ चूक कुठे झाली हा प्रश्न पाच वर्षं मागे पडला.

हाफकिन यांना दोषमुक्त केलं गेलं, पण गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. पुढच्या वेळी परळहून जाताना हाफकिनची पाटी दिसली, तर ती चार माणसांची खोली आठवा.